‘बेस्ट ऑफ लक’ लिहिणाऱ्या आमच्या मंडळांस

दहावीची परीक्षा जवळ आली की सीमाभागातील चौकाचौकांत शुभेच्छाफलक लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, कोठेही पाहा. फलक आमच्याच मंडळांचे, वरचा मजकूर मराठी आणि शेवटची ओळ ‘विश यू अ बेस्ट ऑफ लक’! या ओळीवर आमचा आक्षेप दुहेरी आहे.

पहिला आक्षेप इंग्रजीच्याच बाजूने. ‘लक’ हे मोजता न येणारे नाम आहे. म्हणून ‘गुड लक’ म्हणावे, ‘अ गुड लक’ म्हणू नये. ‘बेस्ट’ म्हणजे जे सर्वोत्तम ते, आणि सर्वोत्तमाला ‘अ’ नव्हे, ‘द’ लागतो. पूर्ण वाक्य लिहायचे तर ‘वुई विश यू द बेस्ट ऑफ लक’ असे लिहावे. नुसता उद्गार म्हणून ‘बेस्ट ऑफ लक!’ शुद्धच आहे. ‘बेस्ट लक’ मात्र शुभेच्छा म्हणून इंग्रजीत रुळलेले नाही. परकी भाषा वापरायची तर तिचा मान राखून वापरावी.

दुसरा आक्षेप मराठीच्या बाजूने. ‘लक’ म्हणजे नशीब. वर्षभर पहाटे उठून अभ्यास करणाऱ्या मुलीला आपण नशिबाच्या हवाली का करावे? ‘सुयश चिंतितो’ या दोन शब्दांत तिच्या श्रमांची दखल आहे. ‘यशस्वी हो’ यात वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद आहे. घरातील आजी दह्याची कवडी हातावर ठेवताना जे बोलते, ते फलकावर लिहिण्यास लाज कसली?

कोणी म्हणेल, भाव पोचला की झाले, एवढा काथ्याकूट कशाला? आमचे त्यांस उत्तर असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपण मराठी कागदपत्रांसाठी, मराठी फलकांसाठी झगडत आहोत. जो फलक लावण्यास कोणाची परवानगी मागावी लागते, त्यावर मराठी हवी म्हणून निवेदने द्यायची. आणि ज्याचा मजकूर सर्वस्वी आपल्या हाती आहे, त्यावर अशुद्ध इंग्रजी छापायची, ही विसंगती आपली मागणी दुबळी करते.

इंग्रजीशी आमचे वैर नाही. ती लिहाल तेव्हा शुद्ध लिहा. पण आपल्या लेकरांना शुभेच्छा देताना, बेळगाव असो, इंदूर असो वा बडोदे, मराठीतच द्या. तेथे आपल्याला अडवणारे आपल्यावाचून दुसरे कोणी नाही.