यादीतली शेवटची तीन नावं

रविवारी, २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला. मध्यरात्र उलटली होती, तरी आमच्या गल्लीत फटाके वाजले. सकाळी टपरीवर चहाला गेलो तर एकच विषय, शफाली वर्मा. आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द, नशीब. "बघा ना भाऊ, टीममध्ये पण नव्हती. दुसरीचा पाय गेला आणि हिचं नशीब उघडलं."

मी काही बोललो नाही. चहा पिऊन उठलो. पण तो शब्द काही डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो.

आधी काय झालं ते बघा. २६ ऑक्टोबरला बांगलादेशविरुद्ध साखळीतली शेवटची मॅच होती. पावसानं मैदान ओलं. प्रतीका रावल चेंडू अडवायला धावली, पाय अडकला, घोटा गेला. सेमी-फायनल चार दिवसांवर. ही प्रतीका म्हणजे कुणी ऐरीगैरी नाही. स्पर्धेत तोवर तिच्या ३०८ धावा होत्या, तीनच दिवस आधी न्यूझीलंडविरुद्ध १२२ काढलेल्या. तिच्या जागी शफालीला बोलावलं. शफाली मूळ पंधरा जणींत नव्हती. राखीव यादीतही नव्हती. त्या यादीत आपल्याकडच्या तेजल हसबनीस, सायली सातघरे होत्या. पण हवी होती सलामीला येणारी, म्हणून यादीबाहेर जाऊन शफालीला आणलं. गंमत अशी की वर्षभरापूर्वी वनडे संघातून शफालीला काढलं, तेव्हा सलामीची जी जागा रिकामी झाली त्याच जागेवर डिसेंबर २०२४ मध्ये प्रतीका आली होती.

आता नशीबवाल्यांना माझा प्रश्न. फोन आला तेव्हा शफाली कुठं होती? घरी रुसून बसली होती? नाही. सुरतला होती. आपल्याकडची कितीतरी माणसं कामाला जातात त्याच सुरतला. हरियाणाकडून देशांतर्गत टी-ट्वेंटी खेळत होती. वनडे संघातून काढलं म्हणून हातातली बॅट सुटली नव्हती. सेमी-फायनलला आली, ५ चेंडूंत १० काढून गेली. त्या दिवशी जेमिमानं नाबाद १२७ काढले, ऑस्ट्रेलियाचे ३३८ पार केले, म्हणून ते अपयश झाकलं गेलं. तरी फायनलला तिलाच उतरवलं. ७८ चेंडूंत ८७. वर हरमनप्रीतनं चेंडू हातात दिला तर दोन विकेट. आपण ५२ धावांनी जिंकलो आणि सामन्याची मानकरी शफाली.

नशीब एवढंच की फोन आला. फोन आल्यावर जे लागतं ते तिच्याकडं तयार होतं, कारण ती खेळत होती. बसलेली नव्हती.

आता आपल्या तालुक्यात या.

सप्टेंबरात मुलींची एक खो-खो स्पर्धा कव्हर करायला गेलो होतो. शाळेचं नाव, गावाचं नाव लिहिणार नाही. पोरी लहान आहेत आणि त्यांचा दोष नाही. सेमी-फायनलला त्या शाळेच्या मुलींनी समोरच्यांना अक्षरशः लोळवलं. एक दहावीची पोरगी होती, खांबाजवळ असा काही सूर मारायची की समोरची धावक बाद झाल्यावरच तिला कळायचं. शेवटच्या दोन मिनिटांत तिचा घोटा वळला. फायनल दुसऱ्या दिवशी सकाळी.

खो-खोची यादी बाराची असते हे तुम्हाला सांगायला नको. आठ जणी पाटीवर बसतात, नववी पळते, तीन राखीव. मी यादी बघितली, बारा नावं होती. मैदानावर मोजल्या तर दहा. मी सरांना विचारलं, बाकीच्या दोघी कुठं? सर हसले. "भाऊ, त्या येत नसतात. त्यांची नावं असतात."

मग समजलं. एकीच्या घरचे गावात वजनदार, दुसरीचे वडील संस्थेच्या जवळचे. दहावीला क्रीडा गुण मिळतात, पुढं नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, मग प्रमाणपत्राच्या फाईलमध्ये पोरीचं नाव हवं. घाम नको, नाव हवं. राज्यात ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांवर लोक सरकारी नोकरीला लागल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा आपण "काय लोक आहेत" म्हणून बातमी वाचली. इथं तर त्याचंच लहान भावंड आपल्या अंगणात खेळतंय. फरक एवढाच की इथं प्रमाणपत्र खरं असतं, खेळाडू खोटा असतो.

राहिली दहावी. ती खरी पोरगी होती, आठवीतली. पण वर्षभर तिचं काम काय, तर पाण्याची कळशी, सगळ्यांच्या चपला आणि दप्तरं सांभाळणं. सरावात खुंट धरल्यासारखी बाजूला उभी. एकदाही तिला पूर्ण डाव खेळवला नव्हता. हे मी म्हणत नाही, तिनंच सांगितलं, आणि अगदी सहज सांगितलं, जणू असंच असतं.

रात्री त्या घोटा वळलेल्या पोरीला क्रेप बँडेज गुंडाळलं, स्प्रे मारला. सकाळी तीच उतरणार असं ठरलं. डॉक्टर कुणी बघितला नाही. सकाळी तिनं पाय टेकवला आणि खाली बसली. तेव्हा कळशीवालीला सांगितलं, चल, तू बस पाटीवर.

काय होणार? खो मिळाला तशी उठली आणि खांद्याची दिशा एकदा घेतल्यावर परत वळली. फाऊल. पुन्हा उठली, मधली पाटी ओलांडली. फाऊल. तिसऱ्यांदा खो मिळूनही उठलीच नाही, घाबरली. मॅच गेली. मॅच जाण्याचं मला काही नाही, मॅच जातातच. पण मॅच संपल्यावर तीन मोठी माणसं, सगळी चाळिशीपुढची, त्या तेरा वर्षांच्या पोरीला घेरून "तुझ्यामुळं गेलं" म्हणत होती. दोन कागदावरच्या पोरींमुळं गेलं असं एकही म्हणाला नाही. त्यांचं प्रमाणपत्र येईलच, उपविजेत्या संघाचं.

मला एका गृहस्थानं बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, हे छापू नका, पोरींचं नाव खराब होईल." पोरींचं? तेव्हा मी खरंच छापलं नाही. दोन परिच्छेदांची निकालाची बातमी दिली आणि गप्प बसलो. माझीही चूक आहे, ती इथं मान्य करतो. परवा त्या शाळेवरून गेलो तर पोरी खेळत होत्या. कळशीवाली नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, "ती येत नाही आता, सर."

सांगा, तिचं पण नशीबच का?

लोक म्हणतील, पत्रकाराला बोलायला काय जातं, शाळांची अडचण बघा. बघतो ना. बारा पोरी न्यायच्या तर गाडीभाडं बाराचं, जेवण बाराचं. नऊ नेल्या की भागतं. मैदानाची मुरमाड जमीन, खिळ्यांचे बूट सोडा, साधे बूट सगळ्यांना नाहीत. खेळाचा शिक्षक असला तर त्याच्याकडं गणित पण असतं आणि निवडणुकीचं काम पण. द्राक्षाचा हंगाम आला की आई-बापाबरोबर निम्मा संघ दिंडोरी-निफाडला. मला हे सगळं माहीत आहे, मी इथलाच आहे. २०२२ च्या डिसेंबरात आपल्या सीमेवरच्या गावांनी सोयी नाहीत म्हणून गुजरातेत जायची भाषा केली, तेव्हा त्या बातम्या करत मीच फिरत होतो.

पण अहो, कळशीवालीला रोज दहा मिनिटं पाटीवर बसवायला कुठला निधी लागतो? सरावात मुख्य पोरीला बाहेर काढून तिच्या जागी दुसरी खेळवायला कुणाची मंजुरी लागते? यादीत खोटं नाव न घालायला कुठल्या योजनेची वाट बघायची? गाडीभाड्याची अडचण खरी आहे, पण ती पुढं करून त्याच्या आडून जे चाललंय ते पैशाअभावी चाललेलं नाही.

आणि पैसा कुठं जातो तेही आपण बघतो. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरतात, माणसाच्या उंचीची ट्रॉफी, डीजे, फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो इतके की खेळाडूंना जागा उरत नाही. सत्काराच्या भाषणात सावरपाड्याच्या कविता राऊतचं नाव हमखास घेतात. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला ब्रॉन्झ आणलं तिनं, अभिमान आहेच. पण ती एकटी पळाली आणि एकटीनं आणलं. संघ उभा करायला बारा लागतात, आणि तिथं आपण नऊवर थांबतो.

या विजयी संघाचे कोच अमोल मुझुमदार आहेत, हे नशीबवाल्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावं. १९८८ ला आझाद मैदानावर सचिन आणि कांबळीनं शारदाश्रमसाठी ६६४ ची भागीदारी केली, तेव्हा पुढच्या नंबरला पॅड बांधून बसलेला पोरगा हाच. बसूनच राहिला, बॅटिंग आलीच नाही. पुढं मुंबईसाठी पहिल्याच रणजी मॅचमध्ये २६० काढले, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केल्या, मुंबईला कॅप्टन म्हणून रणजी जिंकून दिली. भारताची टोपी कधी मिळाली नाही. वर्ष झालं संघाबाहेर असलेल्या पोरीला ऐनवेळी थेट सेमी-फायनलला उतरवायचं आणि ती १० वर बाद झाली तरी फायनलला ठेवायचं, हे त्या ड्रेसिंग रूममध्ये झालं जिथं कोच असा माणूस होता. मला तो योगायोग वाटत नाही. तुम्हाला वाटला तर वाटू दे.

एक गोष्ट मात्र तिथंही खटकली. नियम असा की पदकं शेवटच्या पंधरा जणींना. प्रतीका यादीतून बाहेर गेली म्हणून ३०८ धावा करून तिच्या गळ्यात त्या रात्री पदक नव्हतं. व्हीलचेअरवर बसून ती मैदानात आली, नाचणाऱ्यांत सामील झाली. नंतर आरडाओरडा झाला, आयसीसीचे अध्यक्ष जय शहा यांनी लक्ष घातलं आणि पदकाची सोय झाली. म्हणजे तिथं खेळलेली पोरगी यादीतून पडली म्हणून पदकाला मुकत होती, आणि आपल्याकडं न खेळलेली यादीत आहे म्हणून प्रमाणपत्र घेते. यादी दोन्हीकडं, फक्त तिथं चूक दिसल्यावर लोक बोलले.

तर माझं म्हणणं सरळ आहे. पुढच्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या प्रत्येक शाळेनं आपली बाराची यादी आठ दिवस आधी शाळेच्या फळ्यावर लावावी. गावातला कुणीही येऊन बघेल की ही बारा पोरं मैदानावर दिसतात का. मी स्वतः मोबाईल घेऊन फिरणार, बोरगाव, उंबरठाण, बाऱ्हे, पळसन, जमेल तिथं. यादी आणि मैदान, दोन्हींचा फोटो शेजारी-शेजारी टाकणार. पोरांचे चेहरे नाही टाकणार, आकडा टाकणार. ज्या शाळेचे बारापैकी बारा भरतील तिची बातमी आधी, हरली तरी.

आणि ज्या तिघांनी त्या दिवशी त्या पोरीला घेरलं होतं, ते ही पोस्ट वाचणार हे मला पक्कं माहीत आहे. तिचं घर तुम्हाला माहीत आहे. मैदानापासून दहा मिनिटांच्या आत आहे.