पंचवीस अंशांचा कल

आमच्या बदलापूरच्या घरीं गेल्या महिन्यांत एक तंटा उपस्थित झाला, व तो मिटविण्यास कागद-पेन्सिल घ्यावी लागली, म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहों. आमचा धाकटा नातू, वय वर्षें चौदा, संगणकाच्या पडद्यावर प्रवासी विमान उडवितो. विमान आभासी खरें, परंतु त्यांतील तबकड्या, बटणें व ऑटोपायलट हीं सर्व खऱ्यासारखीं चालतात. त्यासाठीं उल्हासनगरचे दोन-तीन कॅम्प पालथे घालून त्यानें एक जुना दांडाही पैदा केला आहे. सूनबाईंस हा नाद पसंत नाहीं. पुढील वर्षीं दहावी आहे.

तंटा असा. मुंबईची मोठी धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. चिरंजीव दक्षिणेकडून विमान आणितात, धावपट्टीची रेषा आली कीं ऑटोपायलटास पश्चिमेकडे वळण्याची आज्ञा देतात, आणि विमान रेषा ओलांडून साडेतीन किलोमीटर उत्तरेस जाऊन मग सरळ होतें. "आजोबा, हा ऑटोपायलट आळशी आहे. पंचवीस अंशांपुढें कलतच नाहीं!" असें म्हणून तो सगळा प्रोग्रॅमच काढून टाकण्यास निघाला होता. आम्हीं म्हटलें, "अरे, आधीं गणित तर करूं."

सायकलस्वार वळतांना आंतल्या बाजूस झुकतो, हें सर्वांच्या पाहण्यांतील आहे. विमानही तसेंच कलतें. पंखांवरची उचल तिरपी झाली कीं तिचा कांहीं अंश विमानास बाजूस ओढतो, व तेंच वळण. ही ओढ कलाच्या स्पर्शज्येच्या प्रमाणांत असते. वेगाच्या वर्गास गुरुत्वत्वरण व स्पर्शज्या यांच्या गुणाकारानें भागिलें, कीं वळणाची त्रिज्या निघते. (पुष्पक विमान किती अंश कलत असे हें वाल्मीकींनीं सांगितलेलें नाहीं, तेव्हां तें उदाहरण सोडून दिलें.) ताशी ४६० किलोमीटर वेग व २५ अंशांचा कल धरिला. त्रिज्या आली सुमारे ३.६ किलोमीटर. दर सेकंदास दोन अंश या हिशेबानें काटकोनांत वळण्यास ४५ सेकंद. ऑटोपायलट आळशी नव्हता. आज्ञाच उशिरां मिळत होती.

उंचावर तर आणखी मौज आहे. तेथें वेग ताशी ८३० किलोमीटर घेतला, तर त्याच कलानें त्रिज्या साडेअकरा किलोमीटरांच्या वर जाते व सबंध फेरीस पांच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. उल्हासनगर ते बदलापूर लोहमार्गानें सुमारे १० किलोमीटर. उल्हासनगर मध्य कल्पून असें वर्तुळ काढिलें, तर अंबरनाथ सगळें पोटांत घेऊन तें आमच्या घराच्याही पलीकडून जाईल!

लहान विमानांत सेकंदास तीन अंश, म्हणजे दोन मिनिटांत पूर्ण फेरी, हें प्रमाण वळण मानितात. तोच हट्ट ८३० च्या वेगानें धरिला तर ५१ अंश कलावें लागेल, आणि ६० किलो वजनाच्या गृहस्थास आपण ९५ किलोंचे झालों असें वाटेल. पंचवीस अंशांत तो ६६ वरच राहतो. शिवाय कल वाढला कीं पंखांस अधिक भार उचलावा लागतो, व विरळ हवेंत ती शक्ति बेताचीच उरलेली असते. म्हणून पुष्कळ विमानांत उंचावर ऑटोपायलट १५ अंशांवरच थांबतो.

नातवास गणित पटलें. परंतु त्यानें विचारिलें, "ऑटोपायलट नसला तर वैमानिकाला कळेलच ना, आपण किती कललों तें?"

येथें आम्ही क्षणभर थांबलों. नीट घेतलेल्या वळणांत पेल्यांतला चहादेखील हिंदकळत नाहीं. कानाच्या आंत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रव हलला कीं फिरल्याचें कळतें. कल सावकाश वाढला, किंवा तेंच वळण कांहीं वेळ चाललें, तर कान गप्प बसतो. बाहेर क्षितिज दिसत असेल तर ठीक.

१ जानेवारी १९७८ च्या रात्रीं तें दिसत नव्हतें. आम्ही त्या वेळीं अठरा वर्षांचे, अंबरनाथास राहात होतों. दुसऱ्या दिवशीं वडिलांनीं वर्तमानपत्र मोठ्यानें वाचलें, तें अद्यापि कानांत आहे. एअर इंडियाचें 'सम्राट अशोक' हें बोइंग ७४७ सांताक्रुझाहून दुबईस निघालें. समुद्रावर येतांच त्यानें उजवीकडे हलकें वळण घेतलें व तें सरळही झालें. परंतु मुख्य वैमानिकापुढील कृत्रिम क्षितिज उजव्या कलावरच अडकून राहिलें. तो नसलेला कल काढण्यासाठीं विमान डावीकडे झुकविलें गेलें, मग आणखी डावीकडे. फ्लाइट इंजिनियर दुसऱ्या यंत्राकडे लक्ष वेधीत होता. कल १०८ अंशांवर गेला. धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंदांत, वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरांवर, २१३ जीव समुद्रांत गेले. हल्लींच्या प्रवासी विमानांत सुमारे ३५ अंशांपलीकडे कल गेला कीं यंत्रच ओरडून सांगतें.

नातू बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. आतां तो चार किलोमीटर आधींच आज्ञा देतो व विमान रेषेवर येऊन बसतें. काल रात्रीं मात्र त्यानें ऑटोपायलट बंद केला, मुख्य क्षितिजावर कागदाचा तुकडा चिकटविला, आणि बाजूच्या लहान तबकडीकडे पाहून समुद्रावर वळण घेतलें. सूनबाईंनीं तोंवर जेवणास तीनदां हांक मारिली होती. आम्हींच त्यांस थोडें थांबण्यास सांगितलें.