फाल्कनच्या पोटातला पाना

परवा भाचा आला होता. वय वर्षं अकरा. तोंडात घास असतानाच विचारतो, "मामा, एंटरप्राइज भारी की मिलेनियम फाल्कन?" आता असला प्रश्न मला विचारायचा म्हणजे... ताईने वरण वाढता वाढता कपाळावर हात मारला. पाऊण तासाने पोरगं "आलोच हं" म्हणून उठलं ते परत आलंच नाही. म्हणून उरलेलं उत्तर इथे लिहितोय. ताई, वाचत असशील तर त्याला दाखव.

आधीच कबूल करतो, मी फाल्कनवाला आहे. पण कारण वेग नाही.

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' बघत जे वाढले त्यांना एंटरप्राइजबद्दल वेगळं सांगायला नको. ते यान काढलं मॅट जेफ्रीज या माणसाने. हा मूळचा विमानांतला, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात काम केलेला. त्यामुळे त्याने आधी दुरुस्तीचा विचार केला. इंजिनं इतकी ताकदवान की धोकादायक असणारच, म्हणून ती माणसांपासून लांब, खांबांवर. बाहेरचं अंग गुळगुळीत, कारण अवकाशात बाहेर जाऊन स्क्रू पिळण्यात शहाणपण नाही. जे काय उघडायचं ते आतून. पुढे यानातल्या त्या सरपटत जायच्या बोगद्यांना जेफ्रीज ट्यूब असंच नाव पडलं.

फाल्कनचं वेगळं. 'स्टार वॉर्स'साठी आधी काढलेलं यान 'स्पेस: १९९९' मालिकेतल्या यानासारखं दिसायला लागलं, म्हणून ते दुसरीकडे वापरलं आणि हान सोलोसाठी नव्याने हे थाळीसारखं यान बनवलं. त्यावर रणगाड्यांच्या वगैरे खेळण्यातल्या किटचे तुकडे चिकटवले. म्हणून तर ते ठिगळं लावलेल्या एसटीसारखं दिसतं. पण मला त्यातली गंमत अशी वाटते की ते मालवाहू यान आहे आणि मालकाने ते स्वतः उघडून, वायरी ओढून, वाटेल तसं बदललेलं आहे. सारखं बंद पडतं. च्युबाका सदैव पाना घेऊन त्याच्या पोटात. पण बंद पडलं तर कोणाची परवानगी लागत नाही.

अजून एक. आर-टू-डी-टू त्या दीर्घिकेत कुठेही जावो, भिंतीतल्या सॉकेटमध्ये हात खुपसतो आणि कामाला लागतो. शत्रूचं डेथ स्टारसुद्धा त्याला अपवाद नाही! म्हणजे साम्राज्य कितीही दुष्ट असलं तरी सॉकेट सगळ्यांचं एकच. आपल्याकडे फोनचे चार्जर एकसारखे व्हावेत म्हणून युरोपियन युनियनला कायदा करावा लागला, तोही लागू झाला २०२४ च्या डिसेंबरात.

आणि मग तिसरं यान, जे भाच्याने विचारलंच नाही. '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) मधलं डिस्कव्हरी. शास्त्राच्या दृष्टीने सगळ्यांत प्रामाणिक. पंख नाहीत, कारण हवाच नाही. खरं तर अणुइंजिनाची उष्णता बाहेर टाकायला मोठे पत्रे लागतात, ते आराखड्यात होतेही. पण प्रेक्षकांना ते पंख वाटतील म्हणून काढून टाकले. (माझ्या मते चूक. पण कुब्रिकला कोण सांगणार?) तर या देखण्या यानात हवा, दारं, झोपवून ठेवलेले तीन शास्त्रज्ञ, सगळं एका हॅल नावाच्या संगणकाच्या हातात. एक दिवस तो अतिशय सभ्य आवाजात दार उघडायला नकार देतो. बोमन वाचतो तो कशामुळे? शौर्य आहेच. पण यानाचा नकाशा काढणाऱ्याने एक आपत्कालीन दार असं ठेवलं होतं जे बाहेरून हाताने उघडता येतं. हॅलला न विचारता.

हे दार गेले वर्षभर माझ्या डोक्यात आहे, कारण आत्या.

आत्या बहात्तर वर्षांची. सात-आठ वर्षं ती एका मोठ्या सोशल साइटवर लिहायची. आजोळच्या आठवणी, भाऊबिजेला कोण कसं रुसायचं, फणसाच्या सांदणांची कृती, आजोबांनी विहीर खणली त्याची गोष्ट. गेल्या वर्षी एका सकाळी खातं बंद. कारण: 'नियमभंग'. कुठला नियम? सांगत नाहीत. मी अपील केलं, चार मिनिटांत यंत्राचंच उत्तर आलं, निर्णय अंतिम. फोन नंबर नाही, पत्ता नाही, माणूस नाही. आत्या म्हणाली, "अरे, मी काही वाईट लिहिलं का रे?" या प्रश्नाचं काय उत्तर द्यायचं? तिला तर वाटायला लागलं की खरंच तिचंच चुकलं.

इंटरनेट असं नव्हतं हो. १ जानेवारी १९८३ ला आर्पानेट टीसीपी/आयपीवर आलं, तेव्हापासून त्यामागचा विचार असा की मधली यंत्रणा शक्य तितकी मठ्ठ ठेवायची. पाकीट इकडून तिकडे न्यायचं, आत डोकवायचं नाही. अक्कल सगळी दोन टोकांना. म्हणूनच टिम बर्नर्स-ली कोणाच्या परवानगीशिवाय त्यावर वेब उभारू शकला आणि सर्नने १९९३ मध्ये ते सर्वांसाठी मोकळं सोडलं. ही फाल्कनची जात. मराठीपुरतं बोलायचं तर, पूर्वी प्रत्येक वर्तमानपत्राच्या साइटचा फॉन्ट वेगळा आणि तो उतरवला नाही तर नुसत्या खुणा दिसायच्या. युनिकोड आलं आणि आपण सगळे एकाच सॉकेटवर आलो. हे लिहिणं त्यामुळेच शक्य झालंय.

स्वातंत्र्य म्हटलं की सरकारच आठवतं, आणि ते चूकही नाही. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर मोजकी पानं बंद करायचा आदेश निघाला आणि कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच काही दिवस बंद करून टाकलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका पोस्टसाठी आणि तिच्या 'लाइक'साठी अटक झाली. ते ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. त्याच वर्षी नेट न्यूट्रॅलिटीसाठी लोकांनी ट्रायला दहा लाखांवर ईमेल पाठवल्या. त्यातली एक माझी. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम काढून वेगवेगळ्या साइटला वेगवेगळा दर लावायला बंदी केली आणि फेसबुकचं फ्री बेसिक्स इथे थांबलं. बरोबर वीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला जॉन पेरी बार्लोने दावोसमधून सायबरस्पेसच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला होता. असल्या योगायोगांवर मी आठवडाभर खूश असतो.

पण बार्लोने तोफ सरकारांवर रोखली होती. आतला हॅल त्याला दिसला नव्हता.

आता कोणी म्हणेल, सगळंच मोकळं सोडलं तर? हा प्रश्न मी झटकू शकत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. त्या दिवशी माझी सगळी तत्त्वं मला पोकळ वाटली. नंतर व्हॉट्सअॅपने एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली. पुरेसं नव्हतंच ते. पण तिथेसुद्धा उपाय टोकाला केला, मधे बसून पाकिटं फोडली नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. यानाला दारं असावीत, एअरलॉक हवाच. माझं भांडण दाराशी नाही. एकच म्हणतो, कोणी मला बाहेर काढलं तर कारण सांगावं, ऐकून घ्यायला माणूस असावा, आणि माझी ट्रंक मला बरोबर नेता यावी. आत्याला यातलं एकही मिळालं नाही.

चूक माझीही आहे. मी घरातला 'कॉम्प्युटरवाला'. तिच्या लिखाणाची प्रत काढून ठेवायची सोय तिथे होती, मी 'करू कधीतरी' म्हणत राहिलो. हाताने उघडायचं दार होतं, मीच ते तपासलं नाही.

काकूने काही कृती छापून ठेवल्या होत्या, चुलतभावाच्या ईमेलमध्ये काही गोष्टी सापडल्या, असं करत साधारण तिसरा हिस्सा मिळाला. विहिरीची गोष्ट नाही मिळाली. आता आत्याच्या नावाचं डोमेन घेतलंय, साधी पानं, महिन्यातून एकदा सगळ्याची प्रत माझ्याकडे आणि एक पेन ड्राइव्ह तिच्या कपाटात. दिसायला फाल्कनच आहे, ठिगळांसकट. मागच्या आठवड्यात ती विहिरीची गोष्ट पुन्हा लिहायला बसली. म्हणाली, आधीसारखी जमत नाहीये.

पासवर्ड तिने कालनिर्णयच्या मागच्या पानावर ठळक अक्षरात लिहून ठेवलाय. मी काही बोललो नाही.