व्याख्येचा आडोसा

‘अतिप्रक्रियायुक्त अन्न म्हणजे नेमके काय ते आधी ठरवा, मग नियमांचे बोला’ हा खाद्य उद्योगाचा आवडता युक्तिवाद. तो अगदीच निराधार नाही. ब्राझीलच्या कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ साली मांडलेल्या ‘नोव्हा’ वर्गीकरणात पदार्थ किती गोड किंवा खारट आहे यापेक्षा तो कसा घडवला, याला महत्त्व. त्यामुळे कारखान्यातला गव्हाचा ब्रेड बहुधा शीतपेयाच्याच पंगतीला बसतो आणि पाकात बुडालेली घरची जिलेबी अलगद सुटते.

पण ज्यांना काही करायचे होते, ते निर्दोष व्याख्येसाठी खोळंबले नाहीत. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा उष्मांक मर्यादेबाहेर असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोन छापायला लावला, त्यांच्यावरची मुलांना भुलवणारी कार्टून काढायला लावली आणि शाळांतली विक्री बंद केली. त्यावर अनेक उत्पादकांनी साखर कमी करून बिनसाखरेचे गोडकारक वापरायला सुरुवात केली. मेक्सिकोने २०२०च्या नियमांत ती पळवाट हेरली आणि असे गोडकारक असल्यास ‘मुलांना देणे योग्य नाही’ हा इशारा पाकिटावर सक्तीचा केला. कोलंबियाने २०२३ मध्ये थेट कर बसवला. दहा टक्क्यांपासून सुरू झालेला तो कर २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने शालेय जेवणासाठी कायद्यातच व्याख्या घातली. तीत पदार्थातली रसायनेही मोजली जातात आणि साखर, मीठ, चरबीही. एकाच्या नियमांतली उणीव दुसऱ्याने भरून काढली, ती नियम राबवल्यामुळेच.

आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२च्या मसुद्यात पाकिटांना तारे देण्याची कल्पना मांडली. त्यात सर्वांत निकृष्ट पदार्थालाही अर्धा तारा! पुढे एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाकिटांवरच्या लेबलांबाबत तीन महिन्यांत शिफारशी मागवल्या, तर मुदत संपताच मुदतवाढ घेतली गेली. दरम्यान राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शिकेत अतिप्रक्रियायुक्त पदार्थ कमीत कमी खा, असे सांगून टाकले आहे. एका सरकारी संस्थेने ‘जपून’ म्हणायचे आणि दुसरीने त्याच पाकिटाला तारा देऊ करायचा, यात अडचण व्याख्येची नाही. साखर, मीठ, चरबी यांच्या मर्यादा ठरवून ठसठशीत इशारा छापायला आजही कोणी अडवलेले नाही. बाकीची व्याख्या मागाहून घोटता येईल.