सगळं यूट्यूबवर भेटत नाही

"सगळं यूट्यूबवर भेटून जाते ना काकाजी, कायले टेन्शन घेता?"

सीताबर्डीतल्या एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. ते अजून शांत झालेलं नाही. ज्यांना हे सांगितलं जात होतं ते माझ्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ, उत्तर नागपुरातले. त्यांच्या लॅपटॉपमधली सगळी गाणी उडाली होती. ती परत मिळण्याची चांगली शक्यता त्या दुकानात जाईपर्यंत शाबूत होती आणि दुकानातून बाहेर पडताना फार थोडी उरली होती. म्हणून हा लेख.

काय होतं त्या लॅपटॉपमध्ये? १९८०च्या दशकापासून त्यांनी जमवलेल्या शंभरेक कॅसेट. काही दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यावरच्या स्टॉलवर विकत घेतलेल्या, छोट्या स्थानिक कंपन्यांनी काढलेल्या आणि त्या कंपन्यांबरोबरच संपलेल्या. काही त्यांनी स्वतः भरलेल्या : १४ एप्रिलच्या रात्री वस्तीत झालेला गायन पार्टीचा सामना, कव्वालीच्या थाटातली भीमगीतं, मधूनच लोकांचा "वाहवा", कुणी दहा रुपयांचं बक्षीस दिलं त्याची माइकवरून घोषणा. वामनदादा कर्डकांची गाणी नामवंत गायकांच्या आवाजात आज शोधली तर सापडतील. पण तीच गाणी इंदोरा वस्तीतल्या एका पार्टीने आपल्या चालीत, आपल्या ढोलकीवर, पहाटेपर्यंत कशी गायली हे जगात त्या एकाच कॅसेटवर होतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. माळ्यावरच्या कॅसेटचं त्यात काय होतं ते ज्यांनी वाकडी झालेली कॅसेट हातात धरली आहे त्यांना विचारा. म्हणून या गृहस्थांनी एकेक कॅसेट टेपवर लावून, पूर्ण वाजवून, संगणकात घेतली. कॅसेट तासाभराची असेल तर तासभर बसावंच लागतं. या कामाला आडवाट नाही. काम झाल्यावर खराब झालेल्या कॅसेट त्यांनी टाकून दिल्या. त्यात त्यांचा दोष मी मानत नाही. डिजिटल केलं की कायमचं झालं, हे गेली पंचवीस वर्षं जाहिरातींनी आपल्या कानीकपाळी ओरडून सांगितलं आहे.

मग नातवाने जागा मोकळी करायला घेतली. मीडिया प्लेयरमध्ये गाण्यांची लांबलचक यादी दिसली, त्याने ती निवडली आणि डिलीटचं बटण दाबलं. विंडोजचा जुना मीडिया प्लेयर अशा वेळी विचारतो : फक्त लायब्ररीतून काढायचं, की लायब्ररीतून आणि संगणकातूनही? खाली एक चौकोन असतो, 'हा संदेश पुन्हा दाखवू नका'. आयट्यून्समध्येही तसाच प्रश्न आणि तसाच चौकोन होता. माझा पहिला राग या चौकोनावर आहे.

लायब्ररी म्हणजे सातबारा आणि फाइल म्हणजे शेत. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेत नाहीसं होत नाही. पण इथे प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी नोंद खोडणं आणि शेतच नाहीसं करणं ही दोन कामं एकाच बटणाखाली ठेवली, त्यांच्यामध्ये एक प्रश्न ठेवला आणि तो प्रश्नही कायमचा बंद करण्याची सोय दिली. एकदा खूण केली की पुढच्या प्रत्येक वेळी शेवटचं उत्तर गुपचूप लागू होतं. हे अज्ञानातून झालेलं नाही. लोक घाईत काय करतात हे या कंपन्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. ज्या कृतीने माणसाच्या आयुष्याची जमापुंजी जाऊ शकते, त्या कृतीचा प्रश्न बंद करता येणं हीच मुळात चूक आहे, आणि ती चूक वापरणाऱ्याची नाही.

फाइली रिसायकल बिनमध्ये गेल्या. जागा वाढलेली दिसेना, म्हणून त्याने बिनही रिकामी केली. इथवर येऊनही सगळं संपलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट नागपुरातल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी. साध्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर डिलीट केलेली फाइल लगेच पुसली जात नाही. डिस्कच्या नोंदवहीत तिची जागा फक्त 'मोकळी' म्हणून लिहिली जाते. गाणं तिथेच पडून असतं, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून अशा वेळी पहिलं काम एकच : संगणक बंद करणं. नवीन काही उतरवायचं नाही, रिकव्हरीचा प्रोग्रॅमसुद्धा त्याच डिस्कवर टाकायचा नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावायची आणि सापडेल ते तिसऱ्या जागी उतरवायचं.

दुकानदाराने काय केलं? "विंडोज जुनी झाली, नवीन मारून देतो, मग रिकव्हरी लावतो." आणि मारली. फॉरमॅटने एकवेळ फार बिघडलं नसतं. झटपट फॉरमॅटमध्ये नोंदवही नवी होते, मजकूर बराचसा तसाच राहतो. पण नवी विंडोज स्वतःच वीस जीबीच्या वर जागा खाते. ती नेमकी त्या 'मोकळ्या' जागेवर जाऊन बसली. शंभर तासांचं गाणं साध्या १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये जेमतेम सहा जीबी होतं. म्हणजे त्या सगळ्या गाण्यांच्या तिप्पट जागा व्यापेल एवढा ढिगारा त्या माणसाने त्या डिस्कवर ओतला, त्याचे पैसे घेतले आणि वर म्हणाला, यूट्यूबवर भेटून जाते.

मी त्या दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असं दुकान एक नाही. कुठलाही आजार घेऊन जा, औषध फॉरमॅटचंच मिळतं. या धंद्यातल्या सगळ्यांना मी विचारतो : डिस्कमध्ये काय आहे, त्याची दुसरी प्रत आहे का, हे दोन प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? फ्रान्समधल्या क्रिस्तोफ ग्रेनिएने लिहिलेला फोटोरेक हा रिकव्हरीचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, कुणीही उतरवावा. तोच प्रोग्रॅम लावून त्याचे हजारो रुपये घेणारेही आहेत. घ्या, कौशल्याचे पैसे घ्या. पण गिऱ्हाइकाला खरं सांगा. डिस्क एसएसडी असेल तर हेही सांगा की, तिथे डिलीट झाल्याबरोबर ट्रिम नावाची आज्ञा जाते, विंडोज ७पासून ती आपोआप जाते, आणि मग परत मिळण्याची आशा बहुतेक वेळा संपलेली असते. 'नक्की आणून देतो' म्हणत ॲडव्हान्स घेणं ही लूट आहे.

त्या गृहस्थांच्या डिस्कवर दुसऱ्या एका जाणत्या मुलाने फोटोरेक चालवला. तो नोंदवहीकडे पाहत नाही. सगळी डिस्क चाळून एमपी३च्या खुणा ओळखत जातो. काही गाणी आली. बरीच अर्धवट, कडव्याच्या मध्येच तुटणारी. आणि जी आली त्यांची नावं गेली. फाइलीचं नाव गाण्याच्या आत नसतं, ते नोंदवहीत असतं. 'इंदोरा, जयंती, अमुक साल, अमुक पार्टी' असं त्यांनी मेहनतीने लिहिलं होतं, त्याजागी आता 'एफ'पुढे नुसते आकडे. तीच माहिती गाण्याच्या टॅगमध्ये भरली असती तर फाइलीबरोबर परत आली असती, पण हे त्यांना कोण सांगणार होतं? आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखणारे प्रोग्रॅम आहेत, म्युझिकब्रेन्झचा पिकार्ड त्यातला चांगला. पण त्याच्या यादीत जे आहे तेच त्याला ओळखू येतं. वस्तीतली गायन पार्टी त्या यादीत नाही.

आता यूट्यूबच्या थापेकडे येतो, कारण ती एकट्या दुकानदाराची नाही; शिकलेली माणसंसुद्धा तीच मारतात. इंटरनेटवर तेच असतं जे कुणीतरी आपल्या घरातून काढून तिथे ठेवलेलं असतं. आणि ठेवलेलंही राहत नाही. गूगल प्ले म्युझिक २०२०च्या अखेरीस बंद झालं. लोकांनी स्वतः चढवलेली गाणी वेळेत हलवली नाहीत तर २०२१च्या फेब्रुवारीनंतर ती गेली. रेसो आणि विंक ही दोन्ही ॲप भारतात २०२४मध्ये मिटली. त्याआधी २०२३मध्ये झी म्युझिकची गाणी करार फिसकटल्यामुळे स्पॉटिफायवरून उतरली. लोकांच्या याद्या राहिल्या, गाणी गेली. तुम्ही महिन्याला पैसे भरता ते ऐकण्याच्या परवानगीचे. तुमचं तिथे काहीच नसतं.

याहून मोठा दाखला मायस्पेसचा. २०१९मध्ये त्या कंपनीने कबूल केलं की, सर्व्हर हलवताना बारा वर्षांत लोकांनी चढवलेलं संगीत गेलं. सुमारे ५ कोटी गाणी, १ कोटी ४० लाख कलाकारांची. त्यातली ४ लाख ९० हजार गाणी परत आली, ती कंपनीकडून आली नाहीत. काही अभ्यासकांनी आपल्या संशोधनासाठी ती पूर्वीच उतरवून ठेवली होती, म्हणून आली. बीबीसीने 'डॉक्टर हू' मालिकेच्या जुन्या भागांच्या टेपा स्वतः पुसल्या. पण चित्र हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे, कारण घरोघरच्या प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावला होता. आपल्याकडेही हेच झालं. १९३५मध्ये मुंबईत सुरू झालेली 'यंग इंडिया' ही स्वदेशी रेकॉर्ड कंपनी वीस वर्षांत बंद पडली. तिच्या तबकड्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या संग्राहकांनी आपल्या घरांत जपल्या, तिथून त्या ब्रिटिश लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात गेल्या. कंपन्यांनी घालवलं आणि घरांनी वाचवलं, असा हा इतिहास आहे. त्या घरातल्या माणसाला 'कायले टेन्शन घेता' म्हणणं हा त्याच्या कामाचा अपमान आहे.

विदर्भात अशी किती घरं असतील? वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टीतल्या नाटकांची पदं प्रेक्षकांत बसून भरलेली, तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं गावच्या मंडळाने म्हटलेली, दंडारीची, खडी गंमतीची रात्र. याच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव लावणारं विद्यापीठ नागपुरात आहे आणि १९२३पासून आहे. लोकांनी आपल्या कॅसेट, पेन ड्राइव्ह घेऊन यावं, प्रत करून मूळ वस्तू परत न्यावी, अशी एक खिडकी त्या विद्यापीठाने उघडावी ही माझी जाहीर मागणी आहे. त्याला इमारत लागत नाही. चांगला टेपडेक, दोन हार्ड डिस्क आणि कान असलेली दोन मुलं लागतात.

तोवर तुम्ही एवढं करा. घरातल्या अशा गाण्यांची एक प्रत आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि ती बहिणीच्या, मुलीच्या, मित्राच्या घरी ठेवा. त्याच लॅपटॉपच्या पिशवीत नको. कोण गातंय, कुठे, कोणत्या साली, हे प्रत्येक गाण्याच्या टॅगमध्ये भरा. कॅसेट खराब झाली तरी फेकू नका. आणि तरीही गाणी उडालीच, तर आधी डिस्कवर एमपी३ शोधून पाहा, बिन पाहा. तिथे नसतील तर लॅपटॉप बंद करा आणि दुकानात पाय ठेवताच पहिलं वाक्य हे बोला : फॉरमॅट मारायचा नाही.