तीस रुपयांचा सेल

मंडळी, जुना संगणक भंगारात काढायच्या आधी एकदा त्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. परवा आमच्या मावशीला दुरुस्तीवाल्याने निकाल ऐकवला, "काकू, मशीन म्हातारं झालंय, आता नवीनच घ्या." लक्षण काय, तर बँकेची साइट उघडत नाही. काका गेल्यापासून पेन्शन जमा झाली का, ते ती तिथेच बघते. तारीख होती १ जानेवारी २०१३!

बँकेच्या साइटचं एक प्रमाणपत्र असतं आणि ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे त्यावर नोंदलेलं असतं. २०१३ सालात वावरणाऱ्या संगणकाच्या लेखी ते अजून जन्मालाच आलेलं नाही. मग तो दार लावून घेतो. म्हणजे बिचारा आपलं काम चोखच करतोय की!

संगणक बंद असताना त्याचं घड्याळ चालतं ते मदरबोर्डवरच्या बटणाएवढ्या सेलवर. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर २०३२ असतो, तीस-चाळीस रुपयांत मिळतो. वायर काढायची, जुना सेल काढून नवा बसवायचा, बस्स. (लॅपटॉपचं जरा किचकट, तिथे माणूस बोलवा.)

सेल बदलला तरी घड्याळ थोडं चुकणारच. आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यात दहा लाखांत वीसचा फरक पडला, तरी महिन्याला पन्नासेक सेकंद होतात. यावरचा इलाज चक्क फुकट आहे. डेव्हिड मिल्स या अमेरिकन प्राध्यापकाने १९८५च्या सुमारास एनटीपी ही पद्धत आणली. संगणक इंटरनेटवरून वेळ विचारतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला तेही हिशेबात धरतो. २००३ पासून जगभरचे स्वयंसेवक आपापले सर्व्हर यासाठी मोफत देताहेत. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचाही असा सर्व्हर आहे. हे सगळं असताना "घड्याळ अचूक ठेवणारं" सॉफ्टवेअर विकत घेणं मला तरी शुद्ध उधळपट्टी वाटते. विंडोजच्या सेटिंगमध्ये आपोआप वेळ लावायचा पर्याय आहे, तेवढा चालू करा.

एक मात्र आहे. घड्याळ वर्षानुवर्षं मागे असेल, तर एवढी मोठी उडी मारायला विंडोज बऱ्याचदा तयार होत नाही. आधी तारीख हाताने लावायची, मग बाकीचं त्याच्यावर सोडायचं. मावशीकडे हेच केलं, आणि पेन्शन दिसली. नव्या मशीनचे पैसे वाचले ते वेगळेच.

आणि हो, अमेरिकेतून लॅपटॉप घेऊन येणाऱ्या भाचरांनो, इथे आल्यावर काटे हाताने पुढे ढकलू नका. इंटरनेटवरून येते ती जागतिक वेळ, तीत साडेपाच तास मिळवायचे हे संगणकाला टाइम झोनवरूनच कळतं. टाइम झोन भारताचा करा, नाहीतर तुम्ही लावलेली वेळ तो पुन्हा बदलून टाकेल.