फ्रीजमधला स्प्रूस आणि कब्रस्तानातली चिंच

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा मित्रांबरोबर हिमाचलला गेला होता. लोक तिकडून सफरचंदं आणि शाली आणतात, याने पिशवीभर शंकू आणले. नारकंड्याच्या जंगलात जमिनीवर पडलेले, तपकिरी, हातभर प्रवास करून थोडे चेपलेले. म्हणाला, "मामू, हे स्प्रूसचे आहेत. घरी झाडं तयार करायची." घर म्हणजे कौशातल्या चौथ्या मजल्यावरची आमची गॅलरी, ग्रीलला टांगलेल्या चार कुंड्यांची.

मला हसू आलं, पण पोरगा अभ्यास करून आला होता. शंकू उन्हात ठेवले, खवले उघडले आणि एका पंखाच्या बारीक बिया खाली पडल्या. डोंगरात हे बी हिवाळाभर ओल्या, गार मातीत पडून राहतं. म्हणून आपण त्याला खोटा हिवाळा द्यायचा. ओल्या वाळूत बी मिसळलं आणि डबा चार आठवडे फ्रीजमध्ये ठेवला. त्याच्या अम्मीने दही समजून दोनदा उघडला आणि दोनदा ओरडली. जानेवारीत नऊ बिया उगवल्या. काडीसारखा देठ, टोकाला हिरव्या सुयांची इवलीशी छत्री. शेजारचे लोकही बघून गेले.

मार्चमध्ये पाच रोपं गेली. उरलेली चार एप्रिलच्या उकाड्यात गेली. त्याने पाणी कमी दिलं नाही, सावलीही केली. दोष त्याचा नव्हता. स्प्रूसला दर वर्षी खरा हिवाळा लागतो, थंडीत झोपायचं आणि वसंतात नव्या कोंबांनी उठायचं हा त्याचा धर्म आहे. फ्रीज बी उगवून देईल, पण झाडाला आयुष्यभर फ्रीजमध्ये कसं ठेवणार? फांदी लावून तरी काय झालं असतं? थंड देशांत कोवळ्या झाडांच्या फांद्यांपासून रोपं करतात. जुन्या झाडाच्या फांदीला मुळं फुटणं कठीण, आणि फुटली तरी आडवी फांदी बराच काळ आडवीच वाढत राहते. ठाण्याच्या नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून जे मिळतं, तेही स्प्रूस नव्हे. ते बहुधा अरोकेरिया असतं, पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचं. उष्ण हवेतलं आहे म्हणून ते इथे तग धरतं.

ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याच सुमारास आमच्या भागात वृक्षारोपणाचा एक कार्यक्रम झाला. एक वक्ता तावातावाने म्हणाला, परदेशी झाडं उपटून टाका, ही भूमी त्यांची नाही. टाळ्या पडल्या. तो झाडांबद्दलच बोलत होता, हे मला माहीत आहे. तरीही मुंब्र्यात राहणाऱ्या माणसाच्या कानाला ही भाषा फार ओळखीची वाटते. मी टाळी वाजवली नाही.

घरी आल्यावर गॅलरीतल्या नऊ रिकाम्या पिशव्या दिसल्या. भाच्याने आणलेला स्प्रूस परदेशी नव्हता. हिमालयातल्या या स्प्रूसला हिमाचलमध्ये 'राई' म्हणतात. अस्सल भारतीय झाड, कागदपत्रं बघितली तर एकही त्रुटी सापडणार नाही. तरी कौशात चार महिन्यांत मेलं.

आणि आमच्या कब्रस्तानातली चिंच? तिचं मूळ आफ्रिकेत. अरबांनी तिला 'तमर हिंदी' म्हटलं, म्हणजे हिंदुस्थानचं खजूर. इंग्रजीतलं टॅमरिंड त्यातूनच आलं. ती इथे इतक्या पूर्वीपासून आहे, की बाहेरच्यांनी तिला इथल्याच नावाने ओळखलं. आमटीत, चटणीत, पाणीपुरीच्या पाण्यात ती आहे. माझ्या आजोबांच्या मय्यतीला आलेली माणसं तिच्याच सावलीत उभी होती. तिला कोण परकी म्हणेल?

म्हणून माझं म्हणणं असं की झाडाला 'कुठून आलास' हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. दोन प्रश्न विचारावेत. तू इथल्या हवेत, इथल्या पावसात जगतोस का? आणि तू इतरांना जगू देतोस का?

यावर कोणी म्हणेल, मग घाणेरीचं काय? रास्त प्रश्न आहे. घाणेरी अमेरिकेतून शोभेचं झुडूप म्हणून आली आणि डोंगरच्या डोंगर व्यापून बसली. सुबाभूळ, गिरिपुष्प ही झाडंही तिकडचीच, सरकारी हातांनी लावलेली. ही झाडं येऊरच्या जंगलात नकोत, हे मलाही मान्य आहे. पण ती नकोत कारण ती दुसऱ्याला जागा देत नाहीत. हा हिशेब वागणुकीचा आहे, जन्मगावाचा नाही. आणि वागणुकीचा हिशेब लावला, तर पहिली पसंती आपोआप इथल्याच झाडांना मिळते, कारण इथले पक्षी आणि किडे त्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले आहेत. त्यासाठी कोणाला हाकलण्याची भाषा लागत नाही.

ही चर्चा हौसेची नाही. ठाणे, भिवंडी, कल्याण या पट्ट्यात मेट्रो आणि रस्त्यांची कामं चालू आहेत आणि झाडं जात आहेत. शहरांतल्या झाडांसाठी राज्यात १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आली. चांगली अट आहे. पण लावणार काय? दिसायला छान आणि लवकर वाढणारं जे झाड नर्सरीत मिळेल, तेच ना? मग ज्या पोराने फ्रीजमध्ये हिवाळा तयार केला, त्याच्यासारख्यांची मेहनत इथे का वापरू नये?

कामही स्प्रूसपेक्षा सोपं आहे. चिंचोका रात्रभर भिजवून पेरला की आठ-पंधरा दिवसांत उगवतो. बहाव्याच्या बीचं कवच कठीण असतं, पॉलिश पेपरवर थोडं घासून भिजवावं. जांभूळ आणि कडुनिंब यांचं बी साठवून चालत नाही, फळ खाल्लं की लगेच पेरायचं. एका जांभळाच्या बीतून कधी दोन-तीन रोपंही निघतात. करंज तर पेरून विसरला तरी येतो. दुधाच्या रिकाम्या पिशवीला खाली भोकं पाडा, माती आणि शेणखत भरा. रोप वर्षभर गॅलरीत वाढवा आणि पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावा. लावण्यापूर्वी जागेची परवानगी घ्या आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे आधी ठरवा. फोटो नंतर काढा.

आपल्या मोहल्ल्यांत मोकळी जमीन फारशी नाही. पण कब्रस्तान आहे, मशिदीचं आवार आहे, शाळेची भिंत आहे. लावलेल्या झाडाचं फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं, तर लावणाऱ्याच्या नावे तो सदका लिहिला जातो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या शिकवणीत खाणारा कोण, हे विचारलेलं नाही. झाड कुठलं, हेही नाही.

भाच्याने त्या नऊ पिशव्यांत कब्रस्तानातले चिंचोके पेरले. सात उगवले. कब्रस्तानाच्या ट्रस्टींनी भिंतीकडेच्या दोन जागा दिल्या आहेत, पाण्याची पाळी त्याने आणि त्याच्या मित्रांनी लावून घेतली आहे. बाकीची पाच रोपं कोणाला हवी असतील, तर कळवा. दोन उन्हाळ्यांच्या पाण्याची जबाबदारी घेणाऱ्यालाच मिळतील.